दोन नंबरचं चाक

४ मार्च, मंगळवार

आजपासून मला जुन्या वह्या उतरवायचं काम. भाऊजींनी सकाळी बोलावून सांगितलं. भाऊजी म्हणजे आमच्या उपग्रह केंद्राचे प्रमुख. बाकीचे सगळे त्यांना साहेब म्हणतात. पण ते ह्यांच्या हाताखाली शिकले, तेव्हापासून मला वहिनी म्हणतात, आणि प्रमुख झाल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. हे गेल्यावर नोंदींच्या खोलीत मला खुर्ची मिळाली, तीही त्यांच्यामुळेच. माझ्यासाठी ते इतकं करतात की कधी कधी मलाच अवघडल्यासारखं होतं.

काम असं आहे. उपग्रह चालवणाऱ्या वीस-बावीस कंपन्यांनी मिळून एक सामाईक नोंदवही सुरू केली आहे. उपग्रहात काय बिघडलं, त्याआधी काय दिसलं, मग काय केलं, पुढे काय झालं, एवढं लिहायचं. कंपनीचं नाव नाही, नुसता आकडा. आम्ही सतरा नंबर. इतकी वर्षं प्रत्येकाने झाकली मूठ झाकलेलीच ठेवली आणि एकाच तऱ्हेच्या बिघाडाने निरनिराळ्या ठिकाणी उपग्रह मेले. पत्रकाच्या वर छापलंय, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. भाऊजी म्हणाले, "पुढचा ओरडला तर."

जुन्या वह्या हातांनी लिहिलेल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या ह्यांच्या. ह्यांचं अक्षर म्हणजे पाण्यात पडून बाहेर आलेल्या मुंग्या. ते वाचू शकणारी माणसं आता दोनच, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मोतीबिंदू. म्हणजे मीच.

६ मार्च, गुरुवार

दोन दिवसांत तीन वह्या झाल्या. प्रत्येक पाळीच्या शेवटी ह्यांनी एकच ओळ लिहिली आहे, "पाळी स्वच्छ दिली." म्हणजे पुढच्या माणसाच्या गळ्यात काही अडकवलेलं नाही. इतर लोक नुसती सही करून जातात. हे घरीही तसेच. झोपण्याआधी मोरीत एक कप राहिलेला त्यांना चालायचा नाही. शेवटची दोन वर्षं मात्र अर्धवट विसळलेला कप तसाच ठेवून बसून राहायचे. मी ओरडायचे. आजारपण तेव्हाच सुरू झालं असावं, मला कळलं नाही.

उतरवताना मला सगळं समजतं, याचं नव्या मुलींना नवल वाटतं. मी शिकले सातवीपर्यंत. लग्नानंतर हे कामावर गेले की मी त्यांची जाडजूड पुस्तकं काढून बसायचे. आधी चित्रं, मग चित्रांखालच्या ओळी, मग शब्दकोश मांडीवर घेऊन उरलेलं. ह्यांना वाटायचं मी धूळ पुसते. एकदा जेवताना मी विचारलं की उपग्रहाला धरून ठेवायला तिथे काही नसतं, तर तो मान कशी वळवतो. ह्यांचा घास हातातच राहिला. नंतर त्यांनी चार बशा मांडून दाखवलं. त्याच्या पोटात चार चाकं सतत फिरत असतात. एखाद्याचा वेग कमीजास्त केला की उपग्रह वळतो, आणि त्यांच्याच जोरावर तो तोंड आपल्याकडे करून राहतो. तीन चाकांवर भागतं. दोनांवर नाही.

आमचे दोन उपग्रह होते. थोरला अजून चालतो. धाकटा अकरा वर्षांपूर्वी गेला. त्याचं एक चाक आधीच बंद पडलं होतं. मग दोन नंबरचं गेलं. तो भिंगरीसारखा फिरत सुटला, सूर्याकडे धरलेले पंख ढळले, तिसऱ्या दिवशी बॅटरी संपली. त्या पाळीवर हे होते. चौकशी झाली आणि चाकच सदोष होतं, माणसाची चूक नाही, असा निकाल लागला. तरी ह्यांनी पाळ्या सोडल्या आणि सामानाच्या कोठारात बदली मागून घेतली. यंत्रांच्या आवाजाचा त्रास होतो म्हणाले. त्यानंतर दोन वर्षांनी हे गेले.

१० मार्च, सोमवार

आज ते पान आलं. येणार हे ठाऊक होतंच. दुपारी जेवून, तोंड धुऊन मग उघडलं.

पानावर शाईने एवढंच आहे. "१:३८ दोन नंबरचं चाक अचानक थांबलं. चालू करण्याचे प्रयत्न निष्फळ." खाली ह्यांची सही आणि जोडीदार म्हणून भाऊजींची. आमच्याकडे उपग्रहाला कुठलाही हुकूम एकट्याने द्यायचा नाही. एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, मग बटण. म्हणून सह्या दोन. त्या पानावर शेवटची नेहमीची ओळ नाही.

नोंदवहीच्या तक्त्यात चाकाचा ताप, म्हणजे ते किती अंशांवर तापलं, भरायचा असतो. शाईच्या वहीत तो नाही. पण पाळीवरची माणसं आधी पेन्सिलीने कच्च्या वहीत टिपतात आणि शेवटी त्यातलं कामाचं पक्क्या वहीत उतरवतात. कच्ची वही ज्याची त्याची, नंतर रद्दीत जाते. ह्यांनी एकही टाकली नाही. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्या आहेत. घरी आल्यावर काढली.

ताप मिळाला. बाकीचंही मिळालं. जसं आहे तसं लिहून ठेवते.

"१२:५० दोन नंबर, ताप ५८. वेग कमी केला.
१:१० ताप ५३.
१:२५ ताप ५१. उतरतोय, पण हळू.
१:३५ बंद करून पुन्हा चालू केलं. जोडीदार जेवायला.
१:३८ हलत नाही.
१:४१ हलत नाही.
थांबायला हवं होतं. दोनच्या पाळीला स्वच्छ द्यायचं होतं."

सासूबाईंनी विचारलं, पेटी कशाला काढलीस. झुरळं झाली असतील म्हणून, असं सांगितलं.

११ मार्च, मंगळवार

तक्ता भरून पाठवला. आधीची लक्षणे, या रकान्यात लिहिलं, ताप ५८ पर्यंत चढला. काय केलं, या रकान्यात लिहिलं, चाक अचानक थांबलं. पक्क्या वहीत आहे तेच मी उतरवलं. पेन्सिलीचं लिखाण ही काही नोंद नव्हे. ते माणसाचं स्वतःशी बोलणं असतं. माझं काम नोंदी उतरवायचं आहे.

भाऊजींनी तक्ता पाहिला. ताप कुठून मिळाला, विचारलं. घरी एक कागद होता, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि सही केली.

१३ मार्च, गुरुवार

काही विशेष नाही. सासूबाई म्हणाल्या, दोन दिवस तू भाजीत मीठ घालायचं विसरतेस आणि आमटीत दोनदा घालतेस, तेव्हा दोन्ही एकत्र केलं की बरोबर होईल. केलं. बरोबर झालं.

१७ मार्च, सोमवार

सामाईक नोंदवहीत दर सोमवारी नवं काय आलं ते वाचून भाऊजींना सांगायचं असतं. आज नऊ नंबरच्या कंपनीचा प्रश्न होता. त्यांचा उपग्रह लांबच्या बेटांवरचे फोन चालवतो. तिथे दुसरी तार नाही. दवाखान्यातून डॉक्टरला विचारायचं तर याच उपग्रहावरून. त्याचं एक चाक गेल्या वर्षी गेलं, आता दुसऱ्याचा ताप चढतोय. चाकं आमच्या धाकट्याच्याच कारखान्यातली. लिहिणारी बाई आहे, तिथली पाळीप्रमुख. तिने लिहिलंय, कारखान्याची पुस्तिका सांगते की चाक बंद करून पुन्हा चालू करा. कोणी असं करून पाहिलं आहे का?

खाली तिनेच आणखी एक ओळ घातली आहे. "सतरा नंबरची नोंद वाचली. त्यांचं चाक आपोआप अचानक थांबलेलं दिसतं, तेव्हा त्यांचा प्रकार वेगळा असावा. कोणाची हरकत आली नाही तर आम्ही शुक्रवारी बंद करून चालू करू."

भाऊजींना वाचून दाखवलं. ते बराच वेळ खिडकीतून उपग्रहाशी बोलणाऱ्या मोठ्या तबकडीकडे बघत होते. मग म्हणाले, आपलं पाठवून झालंय ना, बस.

१८ मार्च, मंगळवार

काही उतरवलं नाही. वही उघडून बसले होते.

मी स्वतःला सांगून पाहिलं की त्यांचं चाक कदाचित चालू होईल. की पुस्तिका लिहिणारे माझ्यापेक्षा शहाणे. की आणखी कोणी तरी हरकत घेईल. वीस कंपन्या आहेत, सतरा नंबरनेच का? हे शेवटचं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. धाकट्याच्या वेळी बाकीच्यांनीही असंच म्हटलं असणार.

ह्यांची चूक मला दिसते: चाक आपोआप थांबलं नव्हतं, ह्यांनी घाईने बंद केलं आणि तापलेलं ते पुन्हा फिरलं नाही. पेन्सिलीने असली तरी दिसते. पण आता ते सांगायला नाहीत, मग त्यांच्या वतीने त्यांची चूक मी कोणत्या तोंडाने सांगू? केंद्रात अजून नव्या पोरांना ह्यांचं उदाहरण देतात, असं काम करा म्हणून. मी डबा घेऊन त्या खोलीवरून जाते तेव्हा कधी कधी ऐकू येतं. जरा हळू चालते.

१९ मार्च, बुधवार

कच्ची वही पिशवीत घालून नेली. दार लावून भाऊजींच्या टेबलावर पान उघडून ठेवलं. त्यांना ते अक्षर लागत नाही, म्हणून मीच वाचलं. "जोडीदार जेवायला" या शब्दांशी त्यांनी हात वर केला. मी थांबले.

"वहिनी, पेन्सिलीचं कोण वाचतं?"

"मी वाचलं."

मग ते बोलायला लागले. त्या दिवशी ते जेवायला गेले होते, पंधरा मिनिटांत येतो सांगून, आणि तिथे कोणाशी तरी गप्पा मारत अर्धा तास बसले. परत आले तेव्हा हे खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेले. पडद्यावर चाकाचा वेग शून्य. हे एवढंच म्हणाले, इथे सही कर, तू जागेवर होतास. भाऊजींची नोकरी तेव्हा कच्ची. जागेवर नव्हते हे कळलं असतं तर घरी पाठवलं असतं. "त्यांनी मला वाचवलं आणि मी सही केली. अकरा वर्षं झाली. तुमच्या समोर आलो की ती सही आठवते."

मी म्हटलं, बेटावरच्या दवाखान्यातल्या माणसाला तुमची सही आणि माझा नवरा, दोन्हीशी काही देणंघेणं नाही. मी जरा तोडूनच बोलले. ते म्हणाले, खरंय, पण हे बाहेर पडलं तर वरच्यांना जाब द्यावा लागेल, आणि नाव फक्त माझंच जाणार नाही. आईंना काय सांगाल? त्या तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की माझ्या पोराने उपग्रह वाचवायला जिवाचं रान केलं.

मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा. ते म्हणाले, शुक्रवार लांब नाही.

२० मार्च, गुरुवार

अर्धी रजा घेतली. सासूबाई खिडकीपाशी मटार सोलत होत्या. दिसत नसलं तरी बोटांना कळतं, किडका दाणा त्या बरोबर बाजूला काढतात. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. चाक म्हणजे काय इथपासून. पेन्सिलीच्या ओळीही म्हणून दाखवल्या, आता त्या पाठच झाल्यात.

त्यांचे हात थांबले नाहीत. शेंग संपली, दुसरी घेतली.

"मला माहीत आहे," म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना नीट समजलं नाही. पुन्हा सांगायला लागले.

"अगं, माहीत आहे म्हणते ना. शेवटच्या वर्षी तू बाजारात गेलीस की माझ्याजवळ येऊन बसायचा. एकदा सांगितलं. घाई केली म्हणाला. सारखं तेच, आई, ताप उतरत होता, मी थांबलो नाही. मला काय त्यातलं कळतंय? मी म्हटलं, बायकोला सांग. तर म्हणाला, तिला नको. ती माझी पुस्तकं वाचते, तिला पूर्ण कळेल."

मी उठून आतल्या खोलीत गेले. तासभर आले नाही. चुकीचं मला तितकंसं वाटलं नाही. चूक मी दहा दिवस उराशी धरून होते, तिची सवय झाली होती. पण ह्यांनी जिला कळत नाही तिला सांगितलं आणि जिला कळतं तिला नाही. मी कपावरून ओरडत होते तेव्हा हे गप्प बसलेले असायचे. आणि सासूबाई नऊ वर्षं माझ्या हातचं जेवल्या आणि बोलल्या नाहीत.

बाहेर आले तर मटार सोलून झाले होते, टरफलं कागदात गुंडाळलेली. मी विचारलं, मग लोकांना का सांगत होतात, जिवाचं रान केलं म्हणून?

"तुला ऐकू जावं म्हणून. तुला बरं वाटायचं."

त्याच पुढे म्हणाल्या, "पाठवायचं तर पाठव ना. माझ्या तोंडाकडे काय बघतेस? मला काय चाक चालवायचंय?"

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी सातला केंद्रात. भाऊजी आधीच आलेले, दाढी न करता. मी तक्ता नव्याने भरला. "काय केलं" या रकान्यात सगळ्या ओळी वेळांसकट घातल्या. कारण म्हणून लिहिलं, पाळी संपण्याआधी बिघाड मिटवायची घाई. भाऊजींनी वाचलं, मला बाजूला बसायला सांगितलं, आणि स्वतः दोन बोटांनी टाइप केलं. "नियमाप्रमाणे दुसरा माणूस जागेवर हवा होता. तो नव्हता. तो माणूस मी." मग पाठवलं. मग वरच्यांना फोन लावला आणि मला म्हणाले, तुम्ही बाहेर बसा, हे मी एकटा बोलतो.

पावणेनऊला नऊ नंबरच्या बाईचाच फोन आला. नोंदवहीचं काम बघणाऱ्यांनी जोडून दिला. आवाज तरुण, घसा बसलेला. त्यांचं चाक साडेनऊला बंद करणार होते. तिने विचारलं, ज्यांनी हे केलं त्यांच्याशी बोलता येईल का?

मी म्हटलं, ते माझे पती. ते आता नाहीत.

ती म्हणाली, माफ करा, पण तुमच्याकडे त्यांची मूळ वही आहे का?

"समोर आहे."

"वेग किती कमी केला होता? नोंदीत ते नाही."

पानाच्या कडेला आडवं लिहिलेलं होतं, मी त्याला हिशोबाची खरड समजून सोडलं होतं. वही फिरवली आणि वाचलं. मिनिटाला दोन हजार आठशे फेऱ्यांवरून चौदाशेवर, दर पाच मिनिटांनी दोनशेने. सात टप्पे. प्रत्येक टप्प्यापुढे ताप. तिने प्रत्येक आकडा परत म्हटला. मी वाचायचं, तिने म्हणायचं. शेवटचा झाल्यावर ती म्हणाली, "त्यांनी फार नीट केलं होतं हो." मी म्हटलं, दीडपर्यंत.

ती म्हणाली, आम्ही थांबतो.

२८ मार्च, शुक्रवार

नऊ नंबरचा ताप ५९ वरून ४७ वर आला आहे. चाक निम्म्या वेगाने चालू. बंद करणार नाहीत. हे कायमचं बरं नव्हे, पण नवा उपग्रह जायला आठ महिने आहेत, तेवढं निघेल असं तिथली बाई म्हणते.

भाऊजींची चौकशी लागली. प्रमुखपद काढतील बहुतेक. काल डबा खाताना माझ्यासमोर बसले, कित्येक वर्षांत पहिल्यांदा. नाही तर विचारपूस करायची ती उभ्या उभ्याच. माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घेतलं.

नव्या पोरांच्या वर्गात ह्यांचं उदाहरण अजून देतात. आता दीडपर्यंतचं एक आणि नंतरचं एक, असं दोनदा. मी त्या दारावरून गेले. हळू चालले की नाही ते लक्षात नाही.

सासूबाईंशी चार दिवस कामापुरतंच बोलत होते. आज त्यांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख घेतली. त्या म्हणाल्या, दिसायला लागलं तर पहिल्यांदा त्या वह्या बघेन. मी म्हटलं, बघा, मग अर्धं काम तुम्हीच करा.

७ एप्रिल, सोमवार

आज नोंदवहीत दोन जुन्या नोंदी बदलून आल्या. चार नंबरची आणि तेरा नंबरची. दोघांचीही चाकं त्याच कारखान्याची. दोघांनीही आधी लिहिलं होतं की चाक आपोआप थांबलं. आता चार नंबरने लिहिलंय, बंद करून चालू केलं होतं. नऊ नंबरची बाई आता हे सगळं एकत्र करून कारखान्याला पाठवणार आहे, पुस्तिकेतलं ते पानच बदला म्हणून.

तेरा नंबरने जरा जास्त लिहिलं आहे. "ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. हुकूम मी दिला. पुस्तिकेप्रमाणे दिला, पण ताप उतरत होता हे मला दिसत होतं आणि मी वाट पाहिली नाही. पक्क्या वहीत हे नाही. सतरा नंबरची नोंद वाचून लिहितो आहे."

नोंदवहीत शेरा लिहायला जागा असते. तिथे तांत्रिक प्रश्न विचारायचे असतात, किती वेग, किती ताप. मी बराच विचार केला आणि एकच ओळ लिहिली. "आपण हे घरी सांगितलं आहे का?"

असं विचारायचा नियम नाही. भाऊजींकडे नेलं. सध्या तरी सही त्यांचीच चालते. त्यांनी वाचलं आणि सही केली.